बटणाच्या पाच अवस्था

विंडोज एक्सपीतल्या कुठल्याही छोट्या चौकटीचं चित्र प्रिंट स्क्रीनची कळ दाबून घ्यावं, पेंटमध्ये चिकटवावं, आठपट मोठं करावं आणि 'ओके'च्या बटणावर थांबावं. नेहमीच्या मापात हे बटण ७५ पिक्सेल रुंद आणि २३ पिक्सेल उंच असतं. कडेला गडद निळ्या रंगाची एकच पिक्सेलची रेघ आहे: लाल ०, हिरवा ६०, निळा ११६. कोपरे जरासे वळलेले, पण वळण इतकं लहान की साध्या नजरेला ते नुसतं मऊपण वाटतं. आतला भाग वरच्या रेघेखाली शुभ्र पांढरा निघतो, खाली येता येता थोडासा पिवळसर होतो आणि तळाच्या दोन-तीन रांगांत एकदम मळकट होतो. रंगाचा उतार बहुतेक सगळा तळाशीच उरकला आहे. हाच उतार वरून खाली एकसारखा ओढला असता, तर बटण फुगल्यासारखं दिसलं असतं. इथे ते पातळ पण भरीव वाटतं, बोट ठेवलं तर थोडं आत जाईल असं. तेवीस रांगांच्या जागेत एवढं सांगता येतं, हे मला आजही थक्क करतं.

या रूपाचं नाव लूना. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली, तेव्हा लूनाच पहिल्यापासून पडद्यावर होती. त्याआधीच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये 'वॉटरकलर' नावाचं एक सपाट, संयत रूप होतं. ते मागे पडलं आणि लूना आली. महाराष्ट्रातल्या असंख्य सायबर कॅफेंत, शाळांच्या संगणक कक्षांत, पतसंस्थांच्या टेबलांवर लोकांनी संगणकाचं पहिलं रूप पाहिलं ते हेच. जाणकारांनी मात्र तिला नावं ठेवली. खेळण्यातली वाटते, लहान मुलांच्या खोलीतली वाटते, कामाच्या जागी शोभत नाही, असं तेव्हा बरंच बोललं आणि लिहिलं गेलं. लूना भडक आहे हे खरं. पण तिचा भडकपणा मोजूनमापून वापरला आहे, आणि ते माप तिच्या रंगांत नाही, अवस्थांत दिसतं.

अवस्था म्हणजे काय ते बटणावरच पाहू. लूनातल्या साध्या बटणाला पाच अवस्था आहेत. नुसतं असलेलं, माउस वर आलेलं, दाबलेलं, बंद केलेलं, आणि एंटर मारला तर जे दाबलं जाईल ते. विंडोज ९५ मध्ये माउस बटणावर आला तरी बटणाला त्याचा पत्ता नसे. एंटरचं बटण ओळखायचं तर भोवती एक काळी चौकट असायची, ती लक्षात येईल न येईल. लूनाने या दोन्ही अवस्थांना आपापला रंग दिला. एंटरच्या बटणाला आतून फिकट निळी झाक, वर उजळ आणि खाली थोडी गडद. माउस वर आला की त्याच जागी केशरी-पिवळी झाक, तीही वर फिकट, तळाशी गडद. उजेड वरून येतो ही शिस्त दोन्हीकडे पाळली आहे. आणि एंटरच्याच बटणावर माउस नेला तर? निळी झाक हटते आणि केशरी येते. आत्ता जे घडतं आहे त्याचा मान, पुढे घडू शकेल त्याच्याहून मोठा. कुणीतरी बसून हे ठरवलं असणार, आणि बरोबर ठरवलं.

दाबलेली अवस्था मला सगळ्यात देखणी वाटते. पूर्वी बटण दाबलं की पांढऱ्या आणि काळ्या कडांची अदलाबदल व्हायची आणि अक्षरं एक पिक्सेल खाली-उजवीकडे सरकायची. दाबल्याचा खटका डोळ्यांना जाणवायचा. लूनात कडेची निळी रेघ तशीच राहते. आतला उतार तेवढा उलटतो. वरच्या एक-दोन रांगा करड्या होतात, जणू वरच्या काठाची सावली आत पडली, आणि तळाला जिथे मळकटपणा होता तिथे उजेड येतो. बाकी सगळं जागच्या जागी. बंद बटणाचं तर कौतुक कुणी करतच नाही. त्याची कड फिकट, अक्षरंही धुरकट, पण त्या धुरकटपणात पिवळसर छटा ठेवली आहे. त्यामुळे बटण बंद असलं तरी भोवतीच्या जमिनीशी त्याचं नातं टिकतं.

ही जमीन म्हणजे लूनाचा खरा पाया. चौकटींच्या पाठीमागचा तो सायीसारखा रंग: २३६, २३३, २१६. विंडोज ९५ ची जमीन १९२, १९२, १९२ अशी करडी होती, तीनही आकडे सारखे, कुठल्याच बाजूला न झुकलेली. विंडोज २००० मध्ये ती २१२, २०८, २०० झाली, म्हणजे ऊबेकडे पहिलं पाऊल तिथेच पडलं होतं. लूनाने ते पुरतं टाकलं. निळ्या शीर्षकपट्टीखाली शुद्ध करडा रंग ठेवून पाहा, तो निळसर आणि आजारी दिसू लागतो. साय रंगाचा निळ्याशी विरोध आहे, म्हणून दोघंही आपापल्या जागी उठून दिसतात. मजकूर टाइप करायच्या खणांची कडही याच विचाराची आहे. पूर्वी हे खण जमिनीत रुतलेले असत, वरून-डावीकडून काळी सावली आणि खालून पांढरी रेघ. लूनाने ते सगळं काढून १२७, १५७, १८५ अशी एकच राखी-निळी रेघ ठेवली. एक पिक्सेल, सपाट, सावली नाही. ज्या रूपाला लोक भपकेबाज म्हणतात, त्याने सगळ्यात जास्त वापरात येणाऱ्या वस्तूवर हात इतका आखडता घेतला आहे.

रंगांची वाटणीही नीट पाहण्यासारखी आहे. निळा हा घराचा रंग: शीर्षकपट्टी, टास्कबार, खिडकीची चौकट, सरकपट्ट्या. हिरवा होकाराचा आणि पुढे जाण्याचा: चौकोनातली बरोबरची खूण, गोलातला ठिपका, काम किती झालं ते दाखवणारे ठोकळे, आणि डाव्या कोपऱ्यातलं ते 'स्टार्ट'. केशरी म्हणजे लक्ष. बटणावर माउस आला की केशरी, टॅबवर माउस आला किंवा टॅब निवडलेला असला की त्याच्या माथ्यावर तीन पिक्सेलची केशरी पट्टी, एखादा प्रोग्राम आपली वाट पाहत असेल तर टास्कबारवर त्याचं नाव केशरी होऊन लुकलुकतं. लाल फक्त खिडकी बंद करायला. चार रंग, चार कामं. एकाने दुसऱ्याच्या कामात तोंड घातलं आहे असं फार क्वचित आढळतं. इंग्रजीचा गंधही नसलेली माणसं हा संगणक सराईतपणे चालवत होती, त्यात या वाटणीचा हात होता असं मला नक्की वाटतं.

आता शीर्षकपट्टी. इथे लूनाची हौस आणि तिची अडचण दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. पट्टीचा निळा वरच्या काठाला उजळ रेघेने सुरू होतो, लगेच गडद होतो, मग खाली येताना हळूहळू पुन्हा उजळत जातो आणि शेवटच्या रांगेत एकदम काळोखी निळा होतो. वरच्या उजळ रेघेमुळे पट्टीला काठ मिळतो, खालच्या उजेडामुळे गोलाई. वरचे दोन कोपरे मोठ्या वळणाचे आहेत. तेच आठपट मोठे करून पाहा, वळण नाहीसं होतं आणि पायऱ्या दिसतात. त्या काळी खिडकीचा आकार कापण्याची रीत अशी होती, की एखादा पिक्सेल एकतर खिडकीचा असेल नाहीतर मागच्या दृश्याचा. अर्धामुर्धा पिक्सेल नाही. थीमच्या चित्रात जिथे कापायचं तिथे भडक किरमिजी भरायचा, लाल २५५, हिरवा ०, निळा २५५, आणि संगणक तेवढा भाग सोडून द्यायचा. म्हणून वळणाची कड मऊ करणं शक्यच नव्हतं. त्याच एक्सपीत आयकॉन मात्र पहिल्यांदा खऱ्या अर्धपारदर्शक कडांचे आले, ४८ पिक्सेलच्या मापात, आणि त्यांतले कितीतरी 'आयकॉनफॅक्टरी' या संस्थेने घडवले होते. म्हणजे लोण्यासारख्या कडांचे आयकॉन आणि पायऱ्यांच्या कडांच्या खिडक्या एकाच पडद्यावर. लूनाने या पायऱ्यांवर जमेल तेवढा उपाय केला आहे: चौकटीची सगळ्यात बाहेरची रांग गडद निळी ठेवली, म्हणजे मागे काहीही असलं तरी वळणाची रेघ ठाम दिसते आणि पायऱ्या डोळ्यांना टोचत नाहीत. पुढे २००७ मध्ये व्हिस्टा आली, खिडक्या एकत्र जुळवण्याची रीतच बदलली, आणि हा प्रश्न उरला नाही.

हे सगळं ज्या फाइलीत साठवलं आहे ती उघडून पाहणं हा वेगळाच आनंद. विंडोजच्या फोल्डरात रिसोर्सेस, त्यात थीम्स, त्यात लूना, आणि आत लूना.एमएसस्टाइल्स. रिसोर्स हॅकरसारख्या हत्याराने ती उघडली की आत दोनच प्रकारचा ऐवज सापडतो: चित्रं आणि साध्या मजकुराच्या याद्या. बटणाचं चित्र एकच, पण त्यात पाचही अवस्था एकाखाली एक रचलेल्या. आपण वर ज्या पाच रूपांचा रस घेतला ती इथे एका उभ्या पट्टीत ओळीने उभी आहेत. यादीत लिहिलेलं असतं की चित्रात अवस्था किती, त्या उभ्या रचल्या आहेत की आडव्या, चित्र ताणायचं की त्याची नक्षी पुन्हा पुन्हा मांडायची, आणि कडेचे किती पिक्सेल न ताणता जसेच्या तसे ठेवायचे.

हा शेवटचा आकडा म्हणजे, माझ्या मते, या सगळ्या कारागिरीचा गाभा. बटण कधी ७५ पिक्सेलचं असतं, कधी दोनशेचं. चित्र एकच. मग डावी, उजवी, वरची, खालची अशा चार कडांचं माप ठरवून चित्राचे नऊ भाग करतात. चार कोपरे कधीच बदलत नाहीत. वरची-खालची कड आडवी ताणली जाते, डावी-उजवी उभी, आणि मधला भाग दोन्ही अंगांनी. पैठणी विणणारा काठ आणि अंग वेगळं धरतो तसं हे आहे. अंग कितीही वाढलं तरी काठाच्या नक्षीला धक्का लागत नाही. लूनाची मापं इतकी नेमकी आहेत की कुठलंही बटण कितीही ओढा, कोपऱ्याचं ते लहानसं वळण मोडत नाही.

ज्यांनी स्वतःची थीम करायला घेतली त्यांना या मापांची किंमत पहिल्याच दिवशी कळते. हौसेने बटणाचा कोपरा जास्त गोल काढायचा, कडेचं माप मात्र जुनंच ठेवायचं. मग वळणाचा काही भाग ताणायच्या हद्दीत येतो आणि रुंद बटणांचे कोपरे लोंबू लागतात. चित्र बिघडलं म्हणून लोक पुन्हा पुन्हा चित्रच दुरुस्त करत बसतात, दोष असतो यादीतल्या एका आकड्याचा. दुसरी नेहमीची चूक अवस्थांची. नुसत्या बटणाला हिरवा रंग दिला, देखणा दिसला, पण माउस आल्यावरची केशरी झाक जुनीच राहिली. मग बटणावरून माउस फिरवला की दोन वेगळ्या घरांतली माणसं आळीपाळीने दारात येऊन उभी राहतात. थीम घडवायची तर पाचही अवस्था एका बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून रंगवाव्यात. पहिली अवस्था सुंदर करणं सोपं. दाबलेली आणि बंद या दोन जमल्या तर थीम जमली.

परक्या थीमला एक्सपी सहजासहजी घरात घेत नसे, हेही सांगायला हवं. प्रत्येक थीमच्या फाइलीवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागायची. फाइलीतला एक पिक्सेल बदलला तरी सही जुळत नसे. ही तपासणी यूएक्सथीम.डीएलएल नावाच्या फाइलीत होती, म्हणून हौशी लोक तीच बदलायचे. पण मूळ फाइलीची एक प्रत एक्सपी डीएलएलकॅश नावाच्या फोल्डरात राखून ठेवायची आणि बदललेली फाइल दिसली की मूळ परत आणून बसवायची. तिथेही निभावलं, तरी नवा सर्व्हिस पॅक आला की यूएक्सथीम नव्याने यायची आणि सकाळी संगणक सुरू केला की आपली थीम गायब. २००४ च्या दुसऱ्या आणि २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकच्या वेळी कितीतरी जणांनी हा अनुभव घेतला. असं झालं तर थीमची फाइल तशीच असते. बदललेली असते ती तपासणारी फाइल. शोध तिथून सुरू करावा.

संपूर्ण लूनाच नाहीशी होऊन सगळं विंडोज २००० सारखं करडं आणि चौकोनी दिसू लागलं, तर कारण बहुधा साधं असतं. 'थीम्स' नावाची एक सेवा पाठीमागे चालू असावी लागते. ती थांबली की लूना थांबते. सेफ मोडमध्ये म्हणूनच जुनं रूप दिसतं. दुसरं कारण कुणीतरी वेगासाठी केलेली निवड. सिस्टिमच्या सेटिंगांत 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडलं की खिडक्यांना आणि बटणांना रूप देणारी खूण निघून जाते. १२८ एमबी मेमरीच्या संगणकांवर संगणक दुरुस्त करणारे हे न विचारता करून जात, आणि घरातल्यांना वाटे की विंडोजच बदलून गेली.

याहून चमत्कारिक दोष अर्ध्या रूपाचा. खिडकीची पट्टी निळी, गोल, सरकपट्ट्याही नव्या, पण आतली बटणं करडी, चौकोनी, पंचाण्णव सालची. हिशेबाचे, बिलांचे जुने प्रोग्राम असे हमखास दिसत. कारण असं, की खिडकीची चौकट विंडोज स्वतः रंगवते, पण आतली बटणं कुठल्या आवृत्तीची हवीत ते प्रोग्रामने मागायचं असतं. एक्सपीत बटणांचे दोन संच शेजारी शेजारी ठेवले होते, जुना आणि सहाव्या आवृत्तीचा. काही मागितलं नाही तर जुना मिळायचा. मागणी करायची ती 'मॅनिफेस्ट' नावाच्या लहानशा मजकुराने. प्रोग्रामच्या शेजारी त्याच्याच नावाची मॅनिफेस्ट फाइल ठेवली, तिच्यात सहाव्या आवृत्तीचा उल्लेख केला, आणि प्रोग्राम पुन्हा उघडला की तीच बटणं पांढरट, गोल कोपऱ्यांची होऊन येतात. प्रोग्रामला हातही लावलेला नसतो. एखादी दुरुस्ती अशी डोळ्यांदेखत उजळून दाखवणारी क्वचितच भेटते.

त्यानंतरही एखादा डाग उरतो, आणि तो मला फार बोलका वाटतो. लूनात टॅबचं अंग जमिनीसारखं साय रंगाचं नाही. ते जवळजवळ पांढरं आहे आणि खाली येताना थोडं मळतं. जुना प्रोग्राम मात्र असं धरून चालतो की मजकुराच्या मागे जमिनीचाच रंग असणार. मग त्या पांढऱ्या अंगावर प्रत्येक शब्दामागे साय रंगाचा एकेक पट्टा दिसतो, ठिगळ लावल्यासारखा. जुन्या घरात रंग एकच होता, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं की मागे काय आहे. काळ्या थीमा करणाऱ्यांना हाच प्रश्न मोठ्या रूपात भेटला. प्रत्येक थीमच्या यादीत विंडोजच्या मूळ रंगांचं एक कोष्टक असतं: खिडकीचा रंग आणि त्यावरच्या अक्षरांचा, बटणाचा आणि त्यावरच्या अक्षरांचा, अशा जोड्या. एखादा प्रोग्राम जमीन कोष्टकातून घेतो आणि अक्षरं मात्र स्वतःच्या मनाने काळी लिहितो. काळ्या थीमवर तो प्रोग्राम कोरा दिसतो. सगळं असतं, वाचता काहीच येत नाही. थीम करणाऱ्याने यावर एकच करण्यासारखं आहे. जमीन पूर्ण काळी न करता मधल्या गडदपणाची ठेवायची, म्हणजे काळी अक्षरं कष्टाने का होईना दिसतात आणि पांढरीही.

लूनाचेच आणखी दोन रंग होते. ऑलिव्ह ग्रीनला फाइलीत 'होमस्टेड' म्हणतात आणि रुपेरीला 'मेटॅलिक'. हिरवा मला कधीच पटला नाही. त्यात घराचा रंग आणि होकाराचा रंग जवळ जवळ येतात, आणि स्टार्टचं बटण टास्कबारमध्ये बुडतं. रुपेरी मात्र उत्तम उतरला आहे: जमीन २२४, २२३, २२७, म्हणजे निळ्याकडे झुकलेला करडा, आणि त्यावर केशरी झाक निळ्या थीमपेक्षाही जास्त खुलते. मीडिया सेंटर एडिशन २००५ बरोबर आलेली 'रॉयाल' आणि २००६ ची 'झून' या दोन वेगळ्या थीमाही मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या, त्यामुळे कुठलीही खटपट न करता चालत. रॉयालची काचेसारखी चमक अनेकांना लूनापेक्षा वरची वाटते. चमक आहेच, पण तिच्यापायी लूनातली सपाट, शांत ठिकाणं कमी झाली. झूनच्या काळ्या टास्कबारवर केशरी स्टार्ट देखणं दिसतं खरं, पण केशरीचं लक्ष वेधण्याचं काम तिथे कायमचं एका कोपऱ्याला देऊन टाकलं आहे.

राहिली अक्षरं. लूनाची सगळी मापं दोन टाइपांवर बेतली आहेत. चौकटींतला मजकूर मॅथ्यू कार्टर यांच्या ताहोमात, आठ पॉइंट, म्हणजे पडद्यावर अकरा पिक्सेल. शीर्षकपट्टी व्हिन्सेंट कॉनेअर यांच्या ट्रेब्युशे एमएसमध्ये, ठळक. ताहोमा त्या अकरा पिक्सेलांत इतका नीट बसतो की २३ पिक्सेलच्या बटणात अक्षरांच्या वर आणि खाली सारखी मोकळी जागा उरते. देवनागरी या घरात उशिरा आली. इंग्रजी एक्सपीत प्रादेशिक भाषांच्या सेटिंगांत जाऊन जटिल लिप्यांच्या फाइली बसवण्याची खूण करावी लागे, सीडी घालावी लागे. तोवर मराठी नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसत. ती खूण केली की मंगल हा टाइप यायचा. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. मंगलमध्ये मराठी वळणाचा हात दिसतो, आणि पडद्यावर जोडाक्षरं नीट उलगडावीत म्हणून वर-खाली जागा मोकळी सोडली आहे. ताहोमाच्या मापाच्या ओळीत हीच जागा अडचणीची ठरते. आठ पॉइंटचा मंगल बारीक दिसतो, आणि फाइलींच्या यादीत 'पूर्ती'सारखं नाव लिहिलं तर वेलांटीचा माथा किंवा ऊकाराचं टोक ओळीच्या काठाला कापलं जातं.

यावर उपाय आहे, आणि तो करताना लूनाच्या बांधणीची खरी परीक्षा होते. डिस्प्ले प्रॉपर्टीजमध्ये अपिअरन्सच्या टॅबवर 'ॲडव्हान्स्ड' उघडा. तिथे विंडोज आधीच बजावते की थीम चालू असताना इथले बरेच बदल झाकले जातील. रंगांच्या बाबतीत ते खरं आहे, पण टाइप आणि मापं मात्र लागू होतात. मेन्यू, आयकॉन आणि शीर्षकपट्टी या तिघांना मंगल द्या, दहा किंवा अकरा पॉइंट. मेन्यूच्या ओळी उंचावतात आणि मात्रा सुटतात. यादीतली नावंही मोकळी होतात. चौकटींच्या आतल्या बटणांना याचा लाभ होत नाही, कारण त्या चौकटी आपला टाइप आणि आपली मापं प्रोग्रामकडून घेऊन येतात. तिथला मजकूर मराठी असेल तर अडचण उरतेच.

शीर्षकपट्टी मात्र जाड होते, नेहमीपेक्षा चांगली सहा-आठ पिक्सेल. पुन्हा पेंटमध्ये नेऊन पाहिली तर वरची उजळ रेघ होती तेवढीच, शेवटची काळोखी रांग होती तेवढीच, कोपऱ्यांची वळणं जागेवर. मधला निळा तेवढा लांबला आहे, आणि बंद करायच्या लाल बटणाने नव्या उंचीप्रमाणे आपलं माप वाढवून घेतलं आहे. ताहोमा आणि ट्रेब्युशेसाठी आखलेली पट्टी मंगलच्या वेलांट्या-ऊकारांसह नीट दिसते. मायक्रोसॉफ्टमध्ये ज्यांनी कडांच्या मापांचे ते चार आकडे ठरवले, त्यांच्या कामातलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.